मासे आहेत तोवर

निवृत्तीच्या दिवशी शाळेनं मला काचेचा एक गोल बाऊल दिला. त्यात दोन गोल्डफिश. शाल आणि नारळ तर सगळ्यांनाच मिळतात, मॅडमना काहीतरी वेगळं देऊ, असं म्हणे स्टाफरूममध्ये ठरलं होतं. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाईला, ज्यात मासा धड वळूही शकत नाही असं भांडं द्यायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या, हे शिक्षकांनाच जमू जाणे. बल्लारपूरच्या खड्ड्यांतून ऑटोनं घरी येईपर्यंत त्यातलं अर्धं पाणी माझ्या साडीवर सांडलं होतं आणि मासे बाऊलच्या तोंडाशी येऊन हवा गिळत होते. निरोपाच्या भाषणात माझ्या शिस्तीचं जे कौतुक झालं, त्याच्यापेक्षा मला त्या माशांची जास्त काळजी वाटली.

घरामागं बांधकामाच्या वेळचं सिमेंटचं टाकं होतं. कमरेएवढं खोल, चांगलं लांबरुंद. यजमान असताना ते बुजवू बुजवू म्हणत राहिले आणि न बुजवताच गेले. मी ते घासलं, पुन्हा पुन्हा पाणी भरून सोडून दिलं आणि ते दोन मासे त्यात सोडले. अर्ध्या दिवसात ते असे काही पळायला लागले, की स्टाफरूममधल्या सगळ्यांना बोलावून दाखवावंसं वाटलं. नंतर नागपूरहून कोई आणले. दुकानदार म्हणाला, मॅडम, जपानी मासा आहे, घराचं नशीब उघडतो. मी चामोर्शीकडच्या धानाच्या गावातली. आमच्या शेतात बोडी होती, म्हणजे बांधीला पाणी द्यायला खोदलेलं लहान तळं, आणि त्यात बाबा दरवर्षी सायप्रिनस नावाचा मासा सोडायचे. कोई हा त्याच सायप्रिनसचा रंग लावलेला भाऊ. नशीब उघडत असतं, तर आमच्या गावात एकही दार बंद राहिलं नसतं.

त्याच सुमारास माझं एक पडणं झालं. न्हाणीत पाय घसरला, हाताला प्लास्टर लागलं, एवढंच. पण पुण्याला मुलाच्या घरी त्यावर बैठक झाली असावी. कारण त्यानंतरच्या फोनमध्ये तो एकदम अधिकाऱ्यासारखा बोलला. आई, आता एकटीनं राहणं शक्य नाही, आमच्याकडे चल, खोली तयार आहे. मी पुण्याची ती खोली पाहिली होती. अकराव्या मजल्यावरची, खिडकीतून समोरच्या इमारतीतल्या लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसणारी. सून चांगली आहे, नातू गोड आहे, आणि त्या घरात मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी वाटेत उभी असते. मला जायचं नव्हतं. पण आईनं मुलाला असं सरळ सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. मग मी म्हटलं, "माशांले कोण पाहीन?"

माझ्या तोंडून ते सहज निघालं होतं. पण ते ऐकून तो पलीकडं एकदम नातवाच्या शाळेबद्दल बोलायला लागला. हातभर वाढणारे सात कोई आणि दोन गोल्डफिश पुण्याला न्यायचे कसे, आणि इथं ठेवायचे तर कोणाच्या भरवशावर? तेव्हापासून आमच्यात न बोलता ठरून गेलं, की मासे आहेत तोवर आई बल्लारपुरात. फोन आला की तो आधी मासे कसे आहेत ते विचारायचा. मी म्हणायची, उत्तम आहेत. तो म्हणायचा, बरं. हे दोन वर्षं चाललं.

त्यामुळे मासे जिवंत ठेवणं हा माझ्यासाठी छंद राहिला नाही. मी त्यांना माझ्या घरासाठी जगवत होते, आणि तेवढ्यासाठी मी जगाशी भांडायला तयार होते. जग म्हणजे मुख्यतः शेजारचे साहेब. ते एका कचेरीतून निवृत्त झालेले, मोबाइलवर सगळं वाचलेले आणि वाचलेलं लगेच दुसऱ्याला सांगितल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही असे गृहस्थ. पहिल्या उन्हाळ्यात पाणी हिरवं झालं, तर त्यांनी कुंपणावरून मला ब्लिचिंग पावडर टाकायला सांगितलं. नळाच्या पाण्यात आधीच जे क्लोरीन असतं, ते उतरायला मी ड्रम भरून उन्हात उघडे ठेवते, तेव्हा कुठं ते पाणी माशांना चालतं. आणि हे त्यात अजून घाला म्हणत होते. पुढच्या वेळी म्हणाले, सगळं पाणी काढून टाकं लखलखीत घासा. टाक्याच्या तळाला टाकलेल्या गोट्यांवरच्या शेवाळात माशांची घाण पचवणारे जिवाणू असतात, हे मी त्यांना आठवीच्या वर्गाला सांगावं तसं सावकाश सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, मग फिनाइल चालेल का?

आणि पाहुणे. घरी आलेला प्रत्येक जण माशांना काहीतरी खाऊ घालायलाच आलेला असायचा. मुरमुरे, पोळीचे तुकडे, पोहे, बुंदी. नातवाचा वाढदिवस एकदा इथं केला, तेव्हा कोणीतरी केकसुद्धा टाकला. मासा मागतो म्हणे. मासा मागतोच, त्याचं तोंड तेवढ्यासाठीच उघडतं. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्यायचं, उरलं तर ते तळाशी कुजतं आणि त्याचं विष होतं, हे मी किती जणांना सांगितलं असेल. ऐकून घ्यायचे आणि माझी पाठ फिरली की खिशातून दाणे काढायचे. नवस फेडायला आल्यासारखे पाण्यात नाणी टाकणारेही दोघे भेटले. माझ्या विद्यार्थ्यांपैकीच होते, म्हणून जास्त वाईट वाटलं.

मे महिन्यात आमच्याकडं सावलीत ठेवलेली बादलीसुद्धा हाताला चटका देते. कोमट पाण्यात हवा राहत नाही. मी टाक्यावर हिरवी जाळी बांधली, कमळाच्या दोन कुंड्या पाण्यात उतरवल्या आणि जुन्या कूलरचा पंप लावून पाणी वरून पडतं ठेवलं. दुपारी वीज गेली, की मी प्लास्टिकचा मग घेऊन टाक्याच्या कठड्यावर बसायची आणि पाणी उचलून उचलून वरून ओतायची. साहेब कुंपणावरून म्हणाले, मॅडम, बर्फ टाका. मी म्हटलं, तुम्ही आधी तापलेल्या अंगावर बर्फाची लादी घेऊन पाहा. त्यानंतर ते आठवडाभर बोलले नाहीत, आणि तो आठवडा मला फार निवांत गेला. सगळे मासे तगले. मुलाचा फोन आला, तेव्हा उत्तम आहेत म्हणताना माझा आवाज जरा जास्तच चढलेला होता.

दुसऱ्या पावसाळ्यात बेडूक आले आणि बेडकांच्या मागं एक दिवड आली. दिवड म्हणजे पाण्यातला साधा साप, विषाचा पत्ता नाही, नुसता रागीट. मी तिला काठीनं दोनदा हुसकावलं. तिसऱ्यांदा ती कठड्यावर ऊन खात असताना साहेबांनी व्हिडिओ काढला आणि तो थेट माझ्या मुलाला पाठवला. मुलाचा नंबर यांच्याकडं कसा, हे मला तेव्हा कळलं. तब्येतीवर लक्ष ठेवायला त्यानं स्वतःच दिला होता म्हणे. मुलानं मला विचारलं नाही. त्यानं चामोर्शीला त्याच्या मामाला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला फोन केला, की घरात साप निघून राह्यले, काहीतरी करा.

राखीला दोघंही आले. मुलाला सुट्ट्या जोडून मिळाल्या होत्या, आणि भाऊ तर दर राखीला येतोच. बहिणीला लोक साडी आणतात. माझ्या भावानं मोहाच्या ढेपेचं पोतं आणलं. मोहाच्या बियांचं तेल काढलं की मागं जो चोथा उरतो, ती ढेप. आमच्या भागात ती घराभोवती टाकतात, जाळून धूरही करतात, त्या वासानं साप फिरकत नाहीत असं म्हणतात. साप खरंच फिरकत नाहीत का, हे मी कधी पडताळून पाहिलेलं नाही. पण भावाच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता, की मी नाकाला पदर न लावता म्हटलं, ठेव मागच्या पडवीत, मी पाहते. ओवाळलं, जेवायला वाढलं. दुपारी जरा पाठ टेकली.

मी झोपले होते तेव्हा मामा-भाच्यांनी मिळून पोत्यातली अर्धी ढेप फोडली आणि टाक्याच्या चारही बाजूंनी, कठड्याला अगदी लागून, हाताच्या जाडीची रांग घातली. संध्याकाळी पाऊस सुरू झाला. माशांना मी दाणे टाकतो, असं म्हणून मुलगा छत्री घेऊन गेला, मी स्वयंपाकातून उठले नाही. ढेपेचा वास येत होता, पण पोतं पडवीतच होतं, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही. रात्रभर पाऊस कोसळत होता.

सकाळी मागचं दार उघडलं आणि टाक्यावर पांढरा फेस दिसला. साबणाचा चुरा टाकावा तसा. त्या फेसातून माझ्या माशांची तोंडं वर आलेली होती, सगळीच, आणि एक मोठा पिवळा आधीच आडवा झाला होता. मला ते ओळखायला क्षणही लागला नाही. बोडीत माशांचं बी सोडायच्या आधी बाबा असाच फेस काढायचे. जुने, नको असलेले मासे मारायला पाण्यात मोहाची ढेप टाकायची, की थोड्या वेळात सगळं वर येतं. मी आणि माझा हाच भाऊ, आम्ही दोघांनी लहानपणी तो फेस ओंजळीत घेऊन एकमेकांवर उडवलेला आहे.

मी ओरडले नाही. त्याला हाक मारली, टाक्याकडं बोट दाखवलं आणि विचारलं, हे काय केलं? तो डोळे चोळत आला, फेसाकडं पाहिलं, आणि त्याला खरंच कळेना.

"बोडीत टाकते ते ढेप मासे मारायची असते, बाई," तो म्हणाला. "हे तं मी सापासाठी आन्ली."

एकाच घाण्याची, एकाच पोत्यातली. पण त्याच्या डोक्यात एका कप्प्यात बोडी होती आणि दुसऱ्या कप्प्यात साप, आणि मधली भिंत जन्मभरात कधी पडली नव्हती. माझा मुलगा इंजिनियर. त्याला फेस दिसल्यावर तो मोबाइलवर काहीतरी शोधायला लागला. मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि कठड्यावर पालथा ठेवला.

पुढं काय करायचं ते मला माहीत होतं, एवढीच त्या दिवसातली चांगली गोष्ट. ड्रममध्ये उतरलेलं पाणी तयार होतं. कपडे भिजवायचे दोन मोठे टब आणले, त्यात ते ओतलं, कूलरचा पंप टबात लावला. भाऊ पायजमा वर खोचून टाक्यात उतरला. ओल्या हातानं धर, दाबू नको, शेपटीला धरू नको, असं मी सांगत गेले आणि तो एकेक मासा काढून देत गेला. मुलगा टबाशी गुडघ्यावर बसून मासे सरळ धरून पाण्यात पुढं-मागं हलवत होता, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जातं. असं काही मी त्याला कधी शिकवल्याचं आठवत नाही, मी एकदा सांगितलं आणि त्यानं केलं. त्याच्या हातात पांढरा कोई होता, सगळ्यांत मोठा. त्याला धरून तो खूप वेळ बसला. मग म्हणाला, "आई, गेला हा."

साहेब कुंपणावर आले होते. मोबाइल हातात होताच. मी त्यांना म्हटलं, तुमच्या बोअरचं पाणी बादल्यांत भरून द्या, नाहीतर आत जा. ते आत गेले.

ऊन वर येईपर्यंत सगळं स्पष्ट झालं. दोन कोई आणि एक गोल्डफिश, बाऊलमधून आलेल्या दोघांपैकी एक, टबाच्या तळाशी दमून पण सरळ उभे होते. बाकीचे मी पाटीत काढले. एवढे देखणे मासे मेल्यावर किती पटकन मंडईतल्यासारखे दिसायला लागतात, ते पाहून मी पाटीवर फडकं टाकलं. भाऊ ओला, खाली मान घालून पडवीत बसला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "ढेपीनं मेलेले खायले चालते, बाई. आपण लहानपणी खाल्ले." तो चूक बोलत नव्हता. खाल्ले होते, आणि आवडीनं. मी कुदळ आणून त्याच्यासमोर ठेवली. मग तो उठला आणि सीताफळाच्या झाडाखाली खड्डा खणायला लागला.

मला रडू आलं नाही. राग आला होता, आणि तो सगळ्यांवर होता. ढेपेवर, व्हिडिओवर, बहिणीवर प्रेम म्हणून विष घेऊन येणाऱ्या भावावर, मला न विचारता माझा बंदोबस्त करणाऱ्या मुलावर. आणि त्या रागाच्या तळाशी भीती होती, ती मला नीट कळत होती. मी मनातल्या मनात मोजत होते, तीन उरले. तीनवर माझं घर उभं राहील का?

दुपारी जेवणं झाली. मुलगा पुन्हा टबाशी जाऊन बसला आणि बराच वेळ त्या तिघांकडं पाहत राहिला. इंजिनियर लोक एखाद्या गोष्टीकडं असं पाहतात, तेव्हा ते पाहत नसतात, मापं घेत असतात. मला त्याच्या पाठीवरूनच कळलं, काय येणार आहे ते.

"आई, आता तिघंच राह्यले," तो म्हणाला. "एवढे तं गाडीत जातात. मी बाल्कनीत मोठी टाकी ठेवतो, पंप लावतो. त्यांले पण नेऊ आणि तू पण चाल."

भाऊ पडवीतून लगेच हो हो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला वाटलं असावं, की त्याच्या हातून झालेल्याचं काहीतरी चांगलं निघतंय.

सात आणि दोन होते तेव्हा त्यांना हलवणं अशक्य होतं. मेले असते तर कारणच उरलं नसतं. पण तीन! तीन मासे एका टबात मावतात. मी नवी कारणं शोधायला लागले. पेन्शनचं बँकेचं काम, घराची गळती, पुण्याच्या पाण्याचा क्षार, बाल्कनीतलं ऊन. एकेक ओठापर्यंत आलं आणि मला त्याचीच किळस आली. जन्मभर पोरांना सांगत आले, उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, उगीच पानं भरू नका. आणि मी दोन वर्षं पानंच भरत होते, माशांनी.

"मले पुण्याले याचं नाई," मी म्हटलं.

"माशांसाठी?"

"नाई. मासे मेले असते तरी नाई. मले इथीच राहाचं हाये. तुझ्या घरी मले करमत नाई."

बोलून झाल्यावर मी हात मांडीवर ठेवले आणि तयार राहिले. या भांडणाची तयारी माझी कधीपासूनची होती. एकटी पडशील, पुन्हा घसरलीस तर, लोक मला काय म्हणतील, नातवाला आजी नको का, या प्रत्येकाला माझ्याकडं उत्तर होतं. काही उत्तरं तर फारच चांगली होती.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "बरं, आई."

बस्, एवढंच. त्याचे खांदे खाली आले. परीक्षा पुढं ढकलली असं वर्गात सांगितलं की पोरांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते त्याच्या चेहऱ्यावर आलं, आणि ते लपवायला तो टबावर वाकून पंपाची वायर नीट करायला लागला. पंचवीस-तीस वर्षं मी पोरांचे चेहरे वाचले आहेत. माझ्या मुलाला मी नको होते, असं मी म्हणणार नाही. पण अकराव्या मजल्यावर त्यालाही, त्याच्या बायकोलाही, मला रोज वाटेतून बाजूला सरकवावं लागलं असतं, आणि त्यांनाही माशांनी दोन वर्षं सांभाळून घेतलं होतं. तो दर वेळी मासे कसे आहेत विचारायचा, आणि मी उत्तम म्हटलं की बरं म्हणायचा. मला वाटायचं, तो निराश होऊन म्हणतो.

माझ्या मनासारखं झालं होतं. आणि मला एवढं वाईट वाटलं, की मी उठून आत गेले आणि उगीच चहा टाकला. बाहेर मामा-भाचे हळू आवाजात टाकं कसं धुवायचं ते बोलत होते. मी गॅसजवळ उभी होते. त्याला बोलवावं आणि म्हणावं, अजून एकदा तं चाल म्हण, असं वाटलं. त्यानं म्हटलं असतं, तेवढा तो चांगला आहे. पण मग मला त्याला पुन्हा नाही म्हणावं लागलं असतं, आणि या वेळी मी नाही म्हणेन याची मला खात्री नव्हती. म्हणून मी कपांत चहा ओतला आणि बाहेर नेऊन दिला.